अंदमानात तांबट का नाही?

चोपड्याच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. फेब्रुवारीत ते घरच्यांसोबत आठ दिवस अंदमानला निघालेत. पाल-यावलचं जंगल आणि हतनूर धरण मिळून त्यांची पक्ष्यांची यादी दोनशेच्या पुढे गेलीय. त्यांना कुणीतरी सांगितलं, "जंगल डोळे दिपवणारं, पण पक्षी मोजकेच. पैसे वाया जातील." ते विचारतात, हे खरं आहे का? खरं असेल तर इतक्या हिरव्यागार जागी पक्षी कमी कसे? शेजारशेजारच्या बेटांवर वेगवेगळे पक्षी का? आणि आठ दिवस कुठे घालवावेत?

आधी लहान उत्तर. जाती कमी दिसतात हे खरं आहे, पैसे वाया जातील हे खोटं. मी तीनदा गेलोय. पहिल्या खेपेला आठ दिवसांत सत्तरच्या आसपास जाती झाल्या, त्यातले बरेच खाडीकाठचे हिवाळी पाहुणे. तेवढे आपल्याकडे हतनूरला थंडीतल्या एका चांगल्या सकाळी होतात. पण आकडा हा तुमचा खरा प्रश्न नाही, असं मला वाटतं. बेटावर कोण आहे यापेक्षा कोण नाही हे बघायला शिकलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटी होतात. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिल्या फेरीत चौथ्या दिवशी सकाळी दक्षिण अंदमानातल्या चिडियाटापूच्या रस्त्यावर उभा होतो. शंभर फुटांची झाडं, वेलींची गर्दी, पानांवरून ठिबकणारं दव. तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की चुकतंय ते कानाला. आमच्या जळगावच्या घरासमोर पिंपळ आहे. फेब्रुवारी लागला की त्याच्यावरून तांबटाचं 'टुक-टुक-टुक' सुरू होतं ते उन्हाळाभर थांबत नाही. त्या जंगलात ते नव्हतंच. मग एकेक आठवत गेलो. खाली पाचोळ्यात कलकलाट करणारे सातभाई? नाहीत. आपल्याकडे कुठल्याही बोरी-बाभळीखाली ही भांडखोर टोळी सापडते. तिथे सातभाईच काय, त्यांच्या कुळातलं कुणीच नाही. तांबटाच्या कुळातलंही कुणी नाही. गिधाड नाही. एवढ्या उंच झाडांत धनेश असायलाच हवा, तर अंदमानच्या मुख्य बेटांवर तोही नाही.

आता यात श्रीलंका ठेवून बघा. तेही बेटच. पण तिथे सातभाई आहेत, तांबट आहे, धनेश आहे, मोर आहे. कारण सोपं आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि श्रीलंका तामिळनाडूला जमिनीने जोडलेली होती. पक्षी, हरणं, हत्ती चालत किंवा झुडपा-झुडपाने उड्या मारत तिकडे गेले. पुढे पाणी चढलं, ते तिथेच राहिले. अंदमानचं तसं झालं नाही. त्या काळात उत्तर, मध्य आणि दक्षिण अंदमान एकमेकांना जोडले जाऊन एकच लांबलचक बेट झालं होतं, पण ब्रह्मदेशाकडचा समुद्र मध्ये उरलाच. म्हणजे तिथे जो पोचला तो पाण्यावरून. उडत आला, नाहीतर वादळाने आणून टाकला.

हे समजायला अंदमानला जायचीही गरज नाही. हतनूरला थंडीत आम्ही पाणपक्ष्यांची गणती करतो. काठावर तासन् तास बसावं लागतं. तीस वर्षांत सातभाईंचा थवा जलाशय ओलांडून सरळ पलीकडे गेलेला मी एकदाही पाहिलेला नाही. आखूड, गोल पंख, या झुडपातून त्या झुडपात एकामागे एक सरपटल्यासारखं उडायचं, अशी त्यांची रीत. ज्याला तापीचं फुगलेलं पाणी जड, त्याला बंगालचा उपसागर काय झेपणार? उलट कबूतरांच्या कुळाकडे बघा. लांब पल्ल्याचे उडणारे, पोटात फळं भरून निघणारे. अंदमान-निकोबारात या एका कुळाची चंगळ आहे. हरियाल आहेत, अंदमानचं स्वतःचं रानकबूतर आहे, मोठाली फळखाऊ कबूतरं आहेत, त्यातलं पांढरं-काळं तर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर फळांच्या हंगामाप्रमाणे ये-जा करतं. म्हणजे यादी नुसती लहान नाही, तिला चाळण लागलेली आहे. चाळणीची भोकं समुद्राने ठरवली.

एक जण येऊन टिकला की पुढे काय होतं, तेही तिथे छान दिसतं. स्पर्धक कमी, जागा मोकळी. अंदमानात सर्पगरुड दोन आहेत. तुरेवाला, म्हणजे आपल्याकडच्याचाच भाऊबंद, बहुतेक किनाऱ्याकडे, खारफुटीच्या बाजूला. दुसरा गडद, जगात फक्त अंदमानात, तो आतल्या जंगलात. घर एकच, खोल्या वाटून घेतलेल्या. अंदमानचा सुतार, अंदमानचा टकाचोर, अंदमानचा कोतवाल, अंदमानचा भारद्वाज, ही मंडळी अशीच तिथे येऊन, हजारो पिढ्या एकटी राहून वेगळी झालेली आहेत. तो सुतार मला पहिल्यांदा दिसला तो एका वाळक्या खोडावर, माझ्यापासून पंधरा पावलांवर. अंगभर कोळशासारखा काळा, नराच्या डोक्यावर लालभडक तुरा. टोच मारली की सालीचा वीतभर तुकडा खाली यायचा, मग मान वाकडी करून आत बघायचा. अर्धा तास गेला, दुसरा पक्षी नोंदला नाही. त्या अर्ध्या तासाबद्दल मला आजही पस्तावा नाही.

आता क्षेत्रफळ. 1967 साली मॅकार्थर आणि विल्सन या दोघांनी बेटांच्या जैवभूगोलाचा सिद्धांत मांडला. मोठं बेट म्हणजे जास्त जाती, मुख्य भूमीपासून लांबचं बेट म्हणजे कमी जाती. येणारे आणि नामशेष होणारे यांचा कुठेतरी तोल बसतो. ढोबळ हिशेब असा सांगतात की क्षेत्र दहापट झालं तर जाती साधारण दुप्पट होतात. दहापट नव्हे, दुप्पट. तुम्ही शाळेत आलेख काढून घेत असाल तर मुलांना हा जरूर द्या.

पण हा हिशेब एखाद्या बेटावर कोणता पक्षी असेल ते सांगत नाही. नारकोंडम बघा. उत्तर अंदमानच्या पूर्वेला समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, जेमतेम 7 चौरस किलोमीटर, 700 मीटरहून उंच शिखर. आपल्याकडची दोन-तीन गावांची शिवारं एकत्र केली तर तेवढी जागा होईल. आणि या ठिकऱ्यावर धनेश आहे! जगात दुसरीकडे कुठेच नसलेला, तोही मोजक्याच संख्येने. त्याचे नातलग ब्रह्मदेश-थायलंडकडे. कधीतरी काही जोड्या आल्या, उंबर-वडाच्या जातीची झाडं मिळाली, वस्ती बसली. हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या दक्षिण अंदमानात मात्र धनेश नाही. हे कुठल्या सूत्रात बसवणार? इथे योगायोगाला जागा द्यावीच लागते. त्या बेटावर रडार उभारायचा प्रस्ताव होता, तो 2012 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने या धनेशापायीच नाकारला. मला तो निर्णय बरोबर वाटतो. इतक्या लहान जागी एक रस्ता पडला तरी पुरे.

क्षेत्रफळाच्या मागे आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती म्हणजे जंगलाचा प्रकार. मोठ्या बेटावर ओढे असतात, दऱ्या असतात, सदाहरित जंगल टिकतं. लहान बेटावर किनाऱ्याची झाडी असते आणि संपलं. प्रिया दविदार आणि सहकाऱ्यांनी अंदमानच्या बऱ्याच बेटांवर फिरून 2001 मध्ये जो अभ्यास छापला, त्याचाही भर याच मुद्द्यावर होता, की जंगली पक्ष्यांसाठी ठराविक अधिवास बेटावर आहे की नाही हे फार महत्त्वाचं. नुसत्या नकाशावर बेट मोजून चालत नाही. अगदी उलटं टोक हवं असेल तर लक्षद्वीपमधलं पिट्टी. झाड नाही, झुडूप नाही, वाळू आणि प्रवाळाचा हातभर ढिगारा. तिथे रानपक्षी शून्य, आणि विणीच्या हंगामात सुरय या समुद्रपक्ष्यांची मात्र जत्रा.

बेटागणिक यादी का बदलते, याचं सर्वात मोठं कारण मात्र दहा अंशांची खाडी. लिटल अंदमान आणि कार निकोबार यांच्यामधलं हे दीडशे किलोमीटर रुंद, खोल पाणी. वरचे पक्षी ब्रह्मदेशाकडे बघतात, खालचे सुमात्राकडे. अंदमानात सुतार आहे, निकोबारात एकही सुतार नाही. निकोबारात मेगापोड आहे, अंदमानात नाही. हा मेगापोड म्हणजे कोंबडीएवढा, तगड्या पायांचा पक्षी. किनाऱ्याजवळ पालापाचोळा आणि वाळूचा ढीग करतो, त्यात अंडी घालतो, आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर ती उबतात. आपल्या शेणखताच्या उकिरड्यात हात घालून बघा, म्हणजे कल्पना येईल. त्याचे सगळे भाऊबंद तिथून फार पूर्वेला, फिलिपाईन्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंत. हा एकटाच इतक्या पश्चिमेला येऊन बसलाय. खुद्द निकोबारातही सगळं एकसारखं नाही. निकोबारचा बुलबुल मधल्या बेटांवर आहे, सर्वात मोठ्या ग्रेट निकोबारवर नाही. म्हणजे 'मोठं बेट, जास्त जाती' हा नियम इथेही कान पकडतो.

आता एक सावधगिरी, आणि ती खानदेशी माणसाने विसरू नये. 'नाही' दोन प्रकारचं असतं. एक खरोखर नाही, दुसरं कुणी बघितलंच नाही. जेम्स डेव्हिडसन नावाचे इंग्रज सनदी अधिकारी आपल्या खानदेशात होते, पक्ष्यांचा नाद असलेले. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक असलेल्या ह्यूम साहेबांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात त्यांनी 1882 साली पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादी छापली. हेच ह्यूम 1873 मध्ये जहाजाने अंदमान-निकोबार फिरून आले होते आणि तिथल्या पक्ष्यांचा मोठा वृत्तांतही त्यांनी याच नियतकालिकात दिला. एकाच नियतकालिकात आपलं शहादा-तळोदा आणि ती बेटं! तर 1884 मध्ये डेव्हिडसननी रानपिंगळा, म्हणजे रानातलं एक छोटं घुबड, मिळवला, आणि त्यानंतर तब्बल 113 वर्षं तो कुणाला सापडला नाही. मधला 1914 चा एक नमुना दाखवत होते, तो चोरीचा माल जुनी चिठ्ठी फाडून नवी लावलेला निघाला. सगळ्यांनी गृहीत धरलं की पक्षी संपला. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी आले आणि शहाद्याजवळच्या सागाच्या जंगलात त्यांना तो भरदिवसा बसलेला दिसला. पुढे मेळघाटात, यावलला, खंडव्याकडे, अगदी ठाण्याच्या तानसापर्यंत सापडला. शंभर वर्षं तो 'नाही' होता आणि आमच्याच शेजारी बसून होता.

त्यामुळे बेटावर दोन दिवस फिरून 'अमुक बेटावर हा पक्षी नाही' असं छातीठोक लिहू नका. सातभाईंसारख्या वाचाळ टोळीबद्दल लिहिलं तर चालेल, दीडशे वर्षांत कुणीतरी ऐकलं असतं. पण घुबडं, रातवे, पाणकोंबडीच्या कुळातले लपून राहणारे पक्षी यांच्याबाबत 'मला आढळला नाही' इतकंच लिहावं.

याच ओघात आपल्याकडच्या काही मित्रांचं एक आवडतं वाक्य आठवलं, 'सातपुड्याची जंगलंसुद्धा बेटंच, भोवती केळी-कापसाचा समुद्र.' अर्धंच पटतं. रानपिंगळ्याला कापसाची शिवारं अडवत असतील, पण साळुंकीला नाही, हळद्याला नाही, मोराला तर मुळीच नाही. शेतात बांधावर चार झाडं असतात, विहिरीवर उंबर असतो. समुद्रात बांध नसतो. ही उपमा वापरा, पण जपून.

बेटांची यादी कायमची नसते, हेही लक्षात असू द्या. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमान वर उचललं गेलं आणि दक्षिण अंदमान खाली बसलं. पोर्ट ब्लेअरजवळच्या (आता श्री विजयपुरम) सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. शेतकऱ्यांचं नुकसान झालं ते झालंच, पण आज तिथे बगळे, तुतवार, बदकं यांची गर्दी असते आणि अंदमानचं बदक बघायला बरेच जण तिथेच जातात. निकोबारात त्याच लाटेने किनाऱ्यावरचे मेगापोडचे ढीग धुऊन नेले, त्याची संख्या एकदम घसरली. एकाच दिवसाने एकाला पाणथळ दिली, दुसऱ्याचं घर नेलं. आणि काही पक्षी माणसाने नेलेले आहेत. चिमणी आणि साळुंकी इंग्रजांच्या काळात पोर्ट ब्लेअरला आणून सोडल्या. रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) पायाशी मोर आणि चितळ येतील. त्यांना बघून 'मूळचे' समजू नका.

आता तुमचे आठ दिवस. हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: मुलं किती वाजता उठतात, बोटीची तिकिटं कधीची मिळतात, समुद्र कसा आहे. नारकोंडमचा विचार सोडा, तिथे सहजासहजी जाता येत नाही. निकोबारच्या बऱ्याच बेटांना वेगळा परवाना लागतो आणि ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बेला जाऊन-येऊनच आठवडा जातो, तेव्हा तेही पुढच्या वेळी. लोक आठ दिवसांत चार-पाच बेटं करतात आणि निम्मा वेळ धक्क्यावर सामान धरून बसतात. मी तुमच्या जागी असतो तर चार-पाच दिवस दक्षिण अंदमानलाच दिले असते. चिडियाटापू दोनदा, एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी. माउंट हॅरिएट (नवं नाव माउंट मणिपूर) एक पूर्ण सकाळ. सिप्पीघाट एक सकाळ. मग घरच्यांच्या समुद्रस्नानासाठी हॅवलॉक किंवा नील, दोन्ही नव्हे, एकच, दोन रात्री. बाराटांगला गेलात तर रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ताफ्याने जातो. तिथे कॅमेरा पिशवीत, खिडकीच्या काचा वर. हे नियमात आहेच, नसतं तरी तसंच वागायला हवं होतं.

घड्याळाचं एक सांगतो, कारण त्यात माझी पहिली संध्याकाळ फुकट गेली. तिथे फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या आत बुडतो, आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी. 'पाचला निघू' म्हटलंत तर अंधारात पोचाल. चिडियाटापूला साडेचारला जाऊन बसा. आधी कोतवाल आणि टकाचोरांची मिश्र टोळी झाडाच्या शेंड्याशेंड्याने जाते, मग एकदम शांत होतं, मग घुबडं बोलायला लागतात. हमखास कुणीतरी मोबाईलवर आवाज लावून त्यांना बोलावत असतं. तुम्ही लावू नका. तिथे रोज संध्याकाळी पाच गट येतात, पक्ष्याने किती जणांना उत्तर द्यायचं?

आणि वहीत एक काम करा, जे मी केलं नाही. पहिल्या खेपेला मी सगळं 'अंदमान' या एकाच मथळ्याखाली लिहून आणलं. घरी आल्यावर हॅवलॉकचं कुठलं आणि दक्षिण अंदमानचं कुठलं हे मलाच सांगता येईना. आठ दिवसांची मेहनत फोटोंच्या तारखांवरून उलगडत बसलो, तरी निम्मी नोंद बिनकामाची. प्रत्येक बेटाला वेगळं पान ठेवा. वरच्या कोपऱ्यात किती तास चाललात आणि कुठल्या जंगलात ते लिहा, म्हणजे 'आढळला नाही' या नोंदीला वजन येतं. डाव्या बाजूला दिसलेले. उजव्या बाजूला आपल्या पाल-यावलला हमखास दिसणारे दहा पक्षी आधीच लिहून ठेवा: तांबट, सातभाई, मोर, तितर, जे सुचतील ते. रोज रात्री मुलांकडून त्यापुढे खूण करून घ्या. मोरापुढे खूण केली तर ती कुठल्या बेटावर केली, ते विचारा.